परसातली पन्हळगाडी

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "अगं, पण परवानगी कशी मिळाली?" त्यांच्यासाठी, आणि मुलांसाठी परसात काहीतरी उंच, उतरतं, घसरतं उभारायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी, हे सविस्तर लिहिते आहे. आमच्या घरामागच्या उतारावर ७२ फूट लांबीची लाकडी पन्हळ आहे. तिच्यातून एक छोटी गाडी एका माणसाला घेऊन दोन वळणं घेत खाली येते. गाडीखाली रूळ नाहीत. साडेचार महिने आणि सुमारे ३,२०० डॉलर लागले. त्यातले निम्मे महिने कागदांत आणि चुकांत गेले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, १२ एप्रिल २०२३ ला पेनसिल्व्हेनियात आमच्याकडे आले. वय ७१, गुहागर तालुक्यातले निवृत्त मास्तर. शाळेच्या बाकांची दुरुस्ती आयुष्यभर स्वतःच करत आले. सामानात पंच्यात गुंडाळलेला रंधा होता. (आईवडिलांना बोलावणाऱ्यांसाठी: व्हिसावरची शेवटची तारीख आणि इथे राहायची मुदत या वेगवेगळ्या गोष्टी. उतरल्यावर आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) ऑनलाइन बघा, तिच्यावरची तारीख खरी. अण्णांची ११ ऑक्टोबर होती.) पहिल्या महिन्यात त्यांनी घरातलं प्रत्येक करकरणारं दार गप्प केलं आणि मग ते कंटाळले.

मेच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही त्यांना एलिसबर्गजवळच्या कनोबल्सला नेलं. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला (Knoebels) पहिला K इथे उच्चारतात. हे १९२६ पासूनचं कौटुंबिक पार्क. आत जायला आणि गाडी लावायला पैसे नाहीत, बसाल त्या खेळाचं तिकीट काढायचं. अण्णांना हे फार पटलं, "जत्रेसारखंच की." तिथे फ्लाइंग टर्न्स आहे. रोलर कोस्टर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रूळ येतात, इथे लाकडी पट्ट्यांची अर्धगोल पन्हळ आहे आणि तीन गाड्यांची छोटी माळ तिच्यातून मोकळी धावते. वळणावर ती वेगाला झेपेल तेवढी भिंत चढते, तिला कोणी धरून ठेवलेलं नसतं.

हा मूळ प्रकार नॉर्मन बार्टलेट नावाच्या ब्रिटिश वैमानिकाचा. जॉन मिलर या कोस्टर बांधणाऱ्या कसबी माणसाला बरोबर घेऊन त्यांनी १९२९ साली ओहायोतल्या डेटनला पहिली पन्हळ उभी केली. मग १९३० मध्ये क्लीव्हलँडच्या युक्लिड बीच पार्कात, १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, अशा त्या पसरल्या आणि पुढे पार्कं बंद पडत गेली तशा एकेक करून पाडल्या गेल्या. युक्लिड बीच १९६९ मध्ये बंद झालं. तेव्हाच्या लोकांना जे जमलं होतं ते पुन्हा जमवायचं म्हणून कनोबल्सने २००६ मध्ये स्वतःच्या सुतारांना घेऊन काम काढलं. पन्हळ उभी राहिली, पण चाकं आणि गाड्या काही जमेनात. चाकं बदलली, गाड्या नव्याने केल्या, एकेक हंगाम जात राहिला. लोकांना बसायला मिळालं ते ऑक्टोबर २०१३ मध्ये. उंची जेमतेम ५० फूट आणि वेग ताशी २४ मैल, आणि त्यासाठी सात वर्षं. हा आकडा मी पुढे सप्टेंबरात स्वतःची समजूत घालायला बऱ्याचदा वापरला.

बसण्याआधी वजन करतात, कारण एका गाडीतल्या दोघांचं मिळून ४०० पौंडांच्या वर चालत नाही. अण्णा म्हणाले, "सुपारीच्या वखारीत आल्यासारखं वाटतंय." गाडीत एकामागे एक बसायचं असतं. नात पुढे, आजोबा मागे. मी त्यांच्या मागच्या गाडीत. पहिल्या वळणाला गाडी डाव्या भिंतीवर चढली आणि पट्ट्यांवरून चाकांचा खडखडाट एकदम गंभीर झाला, तेव्हा पुढून मास्तरांचा आवाज आला, "अगो, ही तर पन्हळ!"

ज्यांनी कोकणातली जुनी वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पोफळीचं खोड उभं चिरायचं, आतला गाभा कोरून काढायचा, की झाली पन्हळ. विहिरीचं पाणी तिच्यातून उतारा-उताराने वाडीत जातं. आम्ही तिच्यात सुपाऱ्या सोडायचो. दोन पन्हळी जिथे वाकड्या जोडल्या असत, तिथे पाणी बाहेरच्या कडेने वर चढायचं आणि सुपारीही त्याच्याबरोबर चढून परत खाली यायची. मी पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाले, पण वळणावर वस्तू बाहेर का जाते हे मला तिथेच, गुडघाभर चिखलात कळलं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत अण्णा अर्धा तास गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या मागच्या उतारावर होईल की एक."

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

२२ मे ला अर्ज घेऊन टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, कचेरीत गेले. अर्जावर चौकोन होते: शेड, डेक, कुंपण, पोहण्याचा तलाव आणि 'इतर'. खिडकीमागच्या बाईंनी माझं हाताने काढलेलं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पाणी सोडणार आहात का यात?" नाही म्हटल्यावर त्यांनी आतून अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांचे प्रश्न सरळ होते: जमिनीत खांब पुरणार का, हद्दीपासून अंतर किती, जमिनीपासून सर्वात उंच जागा किती, आणि लोकांकडून पैसे घेणार का. शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा निघाला. पेनसिल्व्हेनियात जत्रेतल्या पाळण्यांपासून मोठ्या कोस्टरपर्यंत सगळ्यांची तपासणी कृषी खातं करतं. दुकानातले तराजू आणि पाळणे एकाच विभागाकडे आहेत. लोकांना खुला, तिकीट लावलेला खेळ म्हटला की तुम्ही त्या दारात गेलात. अधिकारी म्हणाले, "घरच्यांपुरतं ठेवा. देवळाच्या वर्गणीसाठीसुद्धा डबा ठेवू नका." मी ते अर्जावरच लिहून दिलं: खाजगी वापर, शुल्क नाही.

इथे राज्याच्या नियमाप्रमाणे घराच्या बांधकामाच्या अर्जाचा निकाल १५ कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. पण चित्रात त्रुटी निघाली तर घड्याळ पुन्हा सुरू. माझी निघाली: खांबांच्या खड्ड्यांची खोली मी ३० इंच लिहिली होती, आमच्याकडे हिवाळ्यात जमीन त्याहून खोल गोठते आणि फुगते, म्हणून ४२ इंच हवी. नव्याने चित्र, नव्याने वाट. परवाना २१ जूनला मिळाला. शुल्क ८५ डॉलर. अर्ज द्यायच्या आधी अधिकाऱ्यांना फक्त खोली विचारली असती तर दोन आठवडे वाचले असते.

या दोन आठवड्यांत विम्याचं पाहिलं. पहिल्या कंपनीने 'ट्रॅम्पोलिन आणि तत्सम' या कलमावर बोट ठेवून नकार दिला. दुसरीने फोटो, चित्र, कुंपणाचं आश्वासन मागितलं आणि वर्षाला १४० डॉलर वाढवून होकार दिला. होकार लेखी घ्या. फोनवरच्या "काही हरकत नाही" ला अपघाताच्या दिवशी किंमत नसते.

२२ जूनला ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी दाखवणाऱ्या सेवेला, फोन. खणण्याआधी निदान तीन कामाचे दिवस हा फोन करणं इथे बंधनकारक आहे आणि घरमालकाला फुकट आहे. मग माणसं येऊन जमिनीवर रंग मारतात, झेंडे रोवतात: लाल विजेचा, नारिंगी टेलिफोन-केबलचा, निळा पाण्याचा, पिवळा गॅसचा. अण्णा रोज सकाळी चहा घेऊन झेंडे मोजायला जात. चौथ्या दिवशी पिवळी रांग बरोबर आमच्या दुसऱ्या खांबातून गेली. म्हणजे पहिलं, उजवीकडचं वळण पाच फूट सरकलं आणि थोडं आवळलं. एक लक्षात ठेवा: मीटरच्या अलीकडची, तुम्ही स्वतः टाकलेली लाइन (अंगणातल्या दिव्याची, शेडची) ते दाखवत नाहीत. ती तुम्हाला आठवली पाहिजे. आम्हाला आठवली, फावडं लागल्यावर. दिवा गेला, माणसं राहिली.

६ जुलैला अधिकारी खड्डे मोजून गेले, त्या शनिवारी काँक्रीट भरलं. ८० पौंडांची पोती कालवताना नवरा पहिल्यांदा या प्रकल्पात मनापासून उतरला. नंतर दोन दिवस त्याला मोजे घालायला मदत लागली.

आता सुतारकाम. प्लायवूडच्या ३७ फासळ्या, दोन-दोन फुटांवर, होडीच्या असतात तशा. त्यांच्या आतून लांबीच्या दिशेने पाइनच्या दीड इंची पट्ट्या ठोकायच्या, एकीला लागून एक, ४२ रांगा. प्रत्येक पट्टीला प्रत्येक फासळीवर एक स्क्रू, म्हणजे दीड हजारावर स्क्रू. मी कॉम्प्युटरवर मॉडेल केलं होतं आणि त्यात सगळ्या पट्ट्या गुण्यागोविंदाने वाकत होत्या. प्रत्यक्षात भिंतीवरच्या पट्ट्या वाकल्या, तळाच्या तडातड मोडल्या. पहिल्या संध्याकाळी अकरा गेल्या. अण्णांनी मोडकी पट्टी हातात घेतली, एकदा चपटी धरून वाकवली, एकदा कडेवर उभी धरून. "चपटी वाकते बाय, कडेवर वाकत नाही. वळणावर भिंतीला ती चपटी बसते, तळाला मात्र तू तिला कडेवर वळायला सांगतेस." मग तळासाठी पट्ट्या उभ्या चिरून निम्म्या रुंदीच्या केल्या, रात्रभर ओल्या टॉवेलांत गुंडाळून ठेवल्या आणि सकाळी ओल्या असतानाच दोन माणसांनी हळूहळू ओढून आणल्या. त्यानंतर फक्त तीन मोडल्या. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टीचं टोक चिरतं. पाऊणशे पट्ट्या चिरल्यावर हे मी मान्य केलं.

अण्णा सांधे रंध्याने साफ करत. पट्टीच्या जोडावर ते डोळे मिटून तळहात फिरवायचे. माझ्या नजरेला जे दिसत नसे ते त्यांच्या हाताला लागे, मग तिथे पेन्सिलची खूण. एकदा मी स्केलने मोजलं: खूण केलेली पायरी कागदाच्या दोन घड्यांएवढी होती. मला ते अतिशहाणपण वाटलं. नंतर गाडी धावली तेव्हा आवाजावरून कळलं की त्यांनी हात फिरवलेला भाग कुठे संपतो.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहतात. आवाजाची तक्रार घेऊन येतील अशी मला भीती होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते कुंपणाशी आले, फासळ्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले की लहानपणी क्लीव्हलँडला, युक्लिड बीचच्या पन्हळीत ते बसले होते आणि त्यांची टोपी अजून तिथेच आहे. त्या दिवसापासून ते रोज तासभर स्क्रू पिळायला येत. अण्णांचं इंग्रजी आणि त्यांचं मराठी सारखंच असल्यामुळे दोघांचं छान जमलं.

२६ ऑगस्ट, पहिली चाचणी. गाडीत भारतीय दुकानातल्या २० पौंडांच्या तांदळाच्या तीन पिशव्या बांधल्या. माझं गणित असं: उतार एकूण ७ फूट. घर्षणाने खाऊन उरलेला वेग ताशी ११ मैल, वळणाची त्रिज्या १२ फूट, तर गाडी भिंतीवर ३४ अंशांपर्यंत चढून तिथे टिकेल. भिंत मी ६० अंशांपर्यंत ठेवली होती. म्हणजे भरपूर. गाडी सोडली. ती वळणात शिरली, चढली, चढतच राहिली, काठावर पोचली आणि आडवी झाली. गाडी पन्हळीत परत पडली, तांदूळ नाही. एक पिशवी कुंपणापलीकडे जाऊन फुटली. पुढचे चार दिवस शेजाऱ्यांच्या हिरवळीवर चिमण्यांचं लग्न होतं.

लेक म्हणाली, "आई, त्या जागी मी असते."

त्या रात्री झोप आली नाही. पहाटे चूक सापडली. ३४ अंश ही गाडी शांतपणे टिकण्याची जागा. पण माझी पन्हळ सरळ होती ती एकदम वळत होती. लंबक एका बाजूला ओढून सोडला की तो मध्यावर थांबत नाही, तेवढाच पलीकडे जातो. गाडीचंही तसंच: अचानक वळणात घातली की ती ३४ च्या जवळपास दुप्पट, ६८ पर्यंत झेपावते. रेल्वेचे रूळ एकदम वळत नाहीत, वाकडेपणा हळूहळू वाढवत नेतात, हे मी कॉलेजात शिकलेय, परीक्षेत लिहिलंय. उपाय एकच, दोन्ही वळणांच्या तोंडाचे आठ-आठ फूट उकलून पुन्हा बांधायचे. आणि बाहेरची भिंत ८० अंशांपर्यंत वाढवून वर आत झुकणारी कड. चारशे स्क्रू उलटे फिरवणं हे घालण्यापेक्षा जास्त त्रासाचं असतं. दुरुस्त चित्र टाउनशिपला ईमेलने पाठवलं. उंची ठरल्या मर्यादेत असल्याने नवं शुल्क पडलं नाही, पण न कळवता केलं असतं तर शेवटच्या तपासणीत अडकलो असतो.

दुसरी कटकट चाकांची. दुकानी ट्रॉलीची फिरती चाकं वेग आला की शेपटीसारखी थडथडत. मग मागची चाकं पक्की केली, पुढचा आस मध्यावर फिरता ठेवला, बैलगाडीच्या जुवासारखा. मऊ रबराची चाकं शांत होती पण गाडी शेवटपर्यंत पोचत नव्हती. कडक पॉलियुरेथेनची पोचत होती आणि गल्लीभर ऐकू येत होती. चार जोड्या, १६० डॉलर. शेवटी मधल्या कडकपणाची घेतली. थांबवायला शेवटचे १४ फूट किंचित चढाचे आहेत. त्यांवर अण्णांच्या सूचनेवरून आधी जुनी सतरंजी अंथरली होती. दोन पावसांत ती कुजली, मग खोटं गवत लावलं.

१९ सप्टेंबरला गणपती आले. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा गुहागरच्या घरचा गणपती चुकवला. तिकडे धाकट्या भावाने सगळं केलं आणि व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली. आरती झाल्यावर अण्णा न बोलता मागे गेले आणि अंधार पडेपर्यंत रंध्याचा आवाज येत राहिला. मी गेले नाही. मोदक झाकून ठेवले.

तांदळाच्या चाचण्या १६ तारखेपासून रोज चालू होत्या: ४० पौंड, ६०, १००, १६०. रिकामी गाडी एकदा, भरलेली तीनदा, ओल्या पन्हळीत एकदा, आणि प्रत्येक वेळी भिंतीवर खडूने कुठवर चढली त्याची रेघ. चाळीसेक फेऱ्यांनंतर रेघा ४५ अंशांच्या खालीच जमू लागल्या. (माझी मापं उचलू नका. तुमचा उतार वेगळा, चाकं वेगळी. खडू आणि तांदूळ मात्र उचला, आणि पिशव्या दोनदा बांधा.)

२३ सप्टेंबरला सकाळी मी बसले. हेल्मेट, पट्टा, हात आत. वरून पाहताना सात फूट काहीच वाटत नाहीत, गाडीत बसल्यावर पोटात गोळा येतो. अण्णांनी खुंटी काढली. पहिल्या वळणाला डावा खांदा आभाळाकडे गेला आणि पट्ट्या कानाशी वाजू लागल्या. सगळं मिळून नऊ-दहा सेकंद. खाली गवतावर गाडी थांबली तेव्हा माझ्या तोंडातून काही निघेना. नवऱ्याला वाटलं काहीतरी मोडलं. मग लेक अकरा वेळा बसली, शेजारी एकदा, टोपी घरी ठेवून. दर वेळी गाडी दोराने ओढून वर न्यावी लागते. दोर गुंडाळायची फिरकी लावायची राहिली आहे.

अण्णा बसले नाहीत. कनोबल्सला बसलो ते पुरे, म्हणाले. ते पन्हळीच्या दुसऱ्या जोडाशी स्टूल टाकून बसत आणि गाडी जाताना लाकडावर हात ठेवत.

शेवटची तपासणी २ ऑक्टोबरला झाली. अधिकाऱ्यांनी कड मोजली, प्रत्येक खांब हलवून पाहिला, कुंपणाच्या फाटकाला कुलूप आहे याची खात्री केली आणि मग इकडेतिकडे पाहून विचारलं की वजनाची मर्यादा किती. मी १६० पौंड सांगितलं. ते स्वतःच्या पोटाकडे बघून हसले आणि सही केली. मंजुरीच्या कागदावर 'इतर' वर खूण आहे.

८ ऑक्टोबरला अण्णा गेले. रंधा ठेवून गेले. सामानात त्याच्या जागी तीन मोडक्या पट्ट्या नेल्या, गावात दाखवायला. मुंबईत सामान तपासणाऱ्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, हे काय आहे. अण्णांनी त्याला काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलेलं नाही.

त्यानंतर पानगळ सुरू झाली. रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न नातीच्या अभ्यासाचा, दुसरा, "पन्हळीत पानं साठली असतील, काढलीस का?" लहानपणी वाडीत हे काम माझ्याकडे होतं आणि मी ते चुकवायची. आता फोन कानाला धरूनच खराटा घेऊन मागे जाते.